सायलीचा लॅपटॉप आणि कॉलेजचं वायफाय

मित्रांनो, आत्ताच घरी आलोय, लगेच लिहितोय.

दुपारी माझ्या मैत्रिणीचा, सायलीचा फोन आला. "अरे, लॅपटॉप कॉलेजच्या वायफायला लागतच नाहीये! प्रोजेक्ट कॉलेजच्या नेटवरूनच जातो, चारपर्यंत टाकला नाही तर वर्ष जाईल." खोपटच्या ज्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात मी कामाला आहे, तिथून हातातलं काम टाकून पळालो. तेही त्याच कॉलेजात, जिथून दुसऱ्या वर्षी लॅबच्या सरांशी भांडून निघालेलो.

तेच सर तिथे उभे. म्हणाले, "आयडी, पासवर्ड बरोबर आहे. डबाच भंगार आहे."

माझं डोकं फिरलं. "डबा चांगलाय सर, तारीख बघा!" आतली घड्याळाची छोटी बॅटरी उतरल्यामुळे लॅपटॉप दोन वर्षं मागची तारीख दाखवत होता. वायफायचं सर्टिफिकेट, म्हणजे नेटवर्कचं डिजिटल ओळखपत्र, त्या तारखेनंतरचं, मग तो ते खरं कसं मानणार? तारीख बदलली आणि लागलं! चारला पाच मिनिटं असताना प्रोजेक्ट गेला. सायलीने सगळ्यांसमोर माझा हात घट्ट धरला. आईशप्पथ, पुढचं मिनिटभर मला काही ऐकूच आलं नाही.

मग सर हळूच म्हणाले, "एवढं येतं, तर परत का येत नाहीस?"

"आता बोल की, भांडखोरा," सायली म्हणाली.

म्हणून आता तुम्हालाच विचारतोय: अर्धवट सोडलेलं कॉलेज तुमच्यापैकी कुणी परत धरलंय का? कसं ते सांगा, मला खरंच ॲडमिशनचा फॉर्म भरायचाय.