कापूस घातलेली बाटली

गोळ्यांची नवी बाटली मिळाली की आई आधी तिच्यात कापूस कोंबते. एसटीत पिशवी हलली तरी गोळ्या वाजू नयेत म्हणून. एचआयव्हीच्या या गोळ्यांमुळेच ती आज माझ्याजवळ आहे. पण या गोळ्या देणाऱ्या सरकारी सेंटरमधल्या मॅडम म्हणाल्या होत्या, यातल्या काही औषधांनी साखर, चरबी वाढू शकते, हृदयाला जपा. आईचे हात काटकुळे झालेत आणि पोट सुटलंय. शेजारच्या काकू म्हणतात, "लेक कॉलेजात गेली ते मानवलं बाई तुला." आई हसते.

आज चढावर तिची छाती भरून आली, म्हणून आम्ही गावातल्या डॉक्टरांसमोर बसलोय.

"आणखी कुठली गोळी चालू आहे?"

"नाही," म्हणत आई मांडीवरची पिशवी घट्ट धरते.

"आई, सांग ना," मी हळूच म्हणते. ती माझ्याकडे बघत नाही.

डॉक्टर नवीन औषध लिहू लागतात. ते या गोळ्यांबरोबर चालेल का, मला माहीत नाही. त्यांनाही कसं कळणार? जे औषध रक्तातून थेट हृदयापर्यंत जातं, ते माणसांपासून किती लपवायचं? मी सांगून टाकू का? पण गुपित तिचं आहे.

मी नुसती पिशवीकडे बघत राहते. आज पहिल्यांदाच वाटतं, त्या गोळ्या वाजाव्यात.