क्लॅरिनेटवाला कोणाचा?

आमचे हे सातपाटीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. एरवी होडीवर, लगीनसराईत बँडमध्ये. मी पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसायचे. त्यामुळे लोक यांच्याबद्दल काय बोलतात ते यांच्याआधी माझ्या कानावर यायचं.

चीनचं युद्ध झालं त्यानंतर ही बोलणी सुरू झाली. डोंगराकडच्या एका पाड्यावर यांचा एक दोस्त होता, तारपा वाजवणारा. हे त्याच्यासाठी सुके बोंबील घेऊन जात आणि दोघं दिवसभर एकमेकांचं वाजवणं ऐकत बसत. एकदा हे गेले तेव्हा तिथे लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, सभा होती. दोस्ताने तारपा फुंकला, यांनीही क्लॅरिनेट काढली. झालं ते एवढंच.

पुढच्या बाजाराला एक नेहमीचं गिऱ्हाईक माझ्यासमोरचं पापलेट उलटसुलट करत म्हणालं, "तुझा नवरा चीनवाल्यांचा झाला म्हणे?"

"तसं काय नाय," मी म्हटलं. "घेनार का ठेवनार?"

त्याने ठेवलं.

मग वऱ्हाडं बँड ठरवताना सांगू लागली, क्लॅरिनेटवाला दुसरा आणा. अशी एक लगीनसराई गेली. पुढे निवडणूक आली आणि गावातले एक पुढारी आमच्या ओटीवर येऊन बसले. हे जाळं शिवत होते.

"उद्या आमच्या उमेदवाराची मिरवणूक हाय. तू पुढं वाजव. लोकांची तोंडं बंद होतील."

"आनि नाय वाजवलं तर?"

"तर लोक बोलतात ते खरंच मग."

दुसऱ्या दिवशी हे वाजवत गेले, बंदरापासून देवळापर्यंत. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. यांच्या गळ्यात हार, आणि चेहरा ताप भरलेल्या माणसासारखा. घरी आल्यावर हार काढून खुंटीला लावला आणि न जेवताच आडवे झाले.

तोंडं काही बंद झाली नाहीत. आता लोक म्हणायला लागले, विकला गेला.

निवडणूक संपल्यावर हे पाड्यावर गेले ते दुपारीच परत आले. बोंबलांचं गाठोडं हातात तसंच.

"भेटला नाय का?"

"भेटला. तारपा काढलाच नाय त्याने. म्हनला, जा, तुज्या सायबांना ऐकव."

मी गाठोडं घेतलं. बोंबील परत डब्यात भरून ठेवले.

त्यानंतर यांनी बँड सोडला. तारापूरला मोठं बांधकाम सुरू होतं, तिथे कामाला लागले. तिथेही मजुरांत कुणीतरी विचारलंच, "भाई, आप किस तरफ के हो?" हे म्हणाले, "सातपाटी की तरफ का." सगळे हसले म्हणे. मला सांगताना हे हसत नव्हते.

मत कुणाला देता, ते मी यांना कधीच विचारलं नाही. बाजारात बायका मलाच खोदून विचारायच्या आणि मी माहीत नाही म्हटलं की डोळे मिचकावायच्या. खरंच माहीत नव्हतं. घरात एक तरी माणूस न विचारणारं असावं, असं मला वाटे. शिवाय त्या विषयाचा कंटाळाही आला होता.

सुट्टीच्या दिवशी हे खाडी ओलांडून मुरब्याच्या किनाऱ्यावर जाऊन वाजवत बसत. एकदा मीही गेले होते. बोंबील वाळत घालणाऱ्या एका म्हातारीने हाक मारून विचारलं, "कोनाचं लगीन हाय रे बाबा?"

"कोनाचंच नाय, आये," हे म्हणाले, आणि पुन्हा वाजवू लागले.