ओल्या रस्त्यावरच्या आग्नेसबाय

गाडीत कुणीही बसण्याआधी आग्नेसबाय चारही टायरांवरून हात फिरवायच्या. साठीच्या बाई, गुडघे दुखरे, तरी प्रत्येक चाकापाशी वाकायच्या आणि टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख बुडवून बघायच्या. आमच्या मनवेलपाड्याच्या बिल्डिंगखाली सकाळी साडेसहाला हा प्रकार चालायचा. वॉचमनला वाटायचं, बाई रोज पंक्चर शोधतात. माझे वडील, अप्पा, पायरीवर काठी टेकून उभे राहायचे. डायलिसिसला जायच्या दिवशी त्यांना तेवढं उभं राहणंही जड जायचं, पण आग्नेसबायना घाई करायची त्यांची छाती नव्हती.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. आठवड्यातले हे तीन दिवस वसईच्या डायलिसिस सेंटरला द्यायचे, हे आमच्या घरात ठरून गेलं होतं. आई गेलेली, भाऊ दुबईला. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. अप्पांना सेंटरवर सोडून शाळा गाठायची, चार तासांनी त्यांना घेऊन यायला आग्नेसबाय असायच्याच. त्यांच्या जुन्या व्हॅनमधून अप्पांशिवाय आणखी दोन पेशंट जायचे. व्हॅनला बोर्ड नव्हता. ज्याला गरज असेल त्याला सेंटरमधल्या सिस्टर आग्नेसबायचा नंबर द्यायच्या.

त्या मूळच्या वसईच्या, वाडीतल्या. मुंबईच्या एका ऑफिसात पंचवीसेक वर्षं टायपिंग केलेलं. नवऱ्याच्या, म्हणजे जोसेफच्या, किडन्या निकामी झाल्या तेव्हा खड्ड्यांतून रिक्षाने जाताना त्याला फार त्रास व्हायचा. म्हणून त्यांनी पन्नाशीत नोकरी सोडली, गाडी शिकल्या आणि व्हॅन घेतली. तीन वर्षं त्यांनी त्याला नेलं-आणलं. तो गेल्यावर चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा सेंटरच्या दारात उभ्या राहिल्या. मी एकदा विचारलं, "कसं काय जमलं तुम्हाला?"

"जमलं कुठे?" त्या म्हणाल्या. "जोसेफबरोबर दोघं येत होते माझ्या गाडीत. जोसेफ गेला, पण त्यांच्या किडन्या काय बऱ्या झाल्या नव्हत्या ना गो?"

सात वर्षं हे असं चाललं. त्यांनी रजा अशी घेतलीच नाही. नाताळच्या दिवशीसुद्धा सकाळची मिस्सा करून, केसांत फूल माळून त्या हजर. पण अलीकडे सिग्नलला थांबल्या की त्यांचे डोळे मिटायचे. हे मला दिसत होतं. मी काही बोलत नव्हते. त्यांना काय म्हणायचं? थांबा? मग अप्पांना कोण नेणार?

तो जुलैतला सोमवार होता. शाळेला पावसाची सुट्टी मिळाली होती, तरी नेहमीसारखी मीही व्हॅनमध्ये होते. फ्लायओव्हरच्या उतारावर पाण्याचा थर धावत होता. पुढच्या बसने ब्रेक मारला. बसचे लाल दिवे लागलेले मला स्पष्ट दिसले, आणि आपली व्हॅन अजून तशीच चाललीय हेही कळलं. मग आग्नेसबायनी एकदम ब्रेक दाबला. व्हॅन वळली, घसरली आणि दुभाजकाला घासून उभी राहिली. अप्पांचं कपाळ खिडकीवर आपटलं. टेंगूळ आलं, बाकी कुणाला काही लागलं नाही.

आग्नेसबाय भर पावसात खाली उतरल्या. चारही टायर तपासले. जूनमध्येच त्यांनी सगळे नवे टाकले होते. मग त्या कठड्याला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या. मी छत्री घेऊन गेले तर म्हणाल्या, "बस आत. उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आमच्या घरी आल्या. आमची बिल्डिंग बिनलिफ्टची, घर तिसऱ्या मजल्यावर. खुर्चीत बसून दम खाल्ला आणि अप्पांकडे बघून म्हणाल्या, "काका, मी या शुक्रवारपर्यंत येईन. मग बंद."

मीच बोलले, "टायर घसरला, त्यात तुमची काय चूक?"

"टायर नाय घसरला. टायर चांगले होते. ब्रेक दाबायचा हे मला सुचायलाच वेळ लागला. बस समोर दिसत होती नि मी नुसती बघत होते."

मी म्हणाले, "निदान पावसाळा संपेपर्यंत तरी. मी कुठून शोधू दुसरं कोणी?" आवाज चढला होता माझा. आज आठवलं की लाज वाटते. ज्या बाईने सात वर्षं परक्यांसाठी पहाटे उठून गाडी काढली, तिच्याकडे मी आणखी तीन महिने मागत होते, आणि तेही हक्काने.

आग्नेसबाय रागावल्या नाहीत. "तू दमलीस गो, माहीत हाय मला," त्या म्हणाल्या. "पण तू दमलीस म्हणून मी दमायचं नाय, असं कसं चालेल?" मग त्यांनी पाणी मागितलं, ग्लास रिकामा केला आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे लायसन हाय ना? मग गाडी बघ."

लायसन होतं. दहा वर्षांपूर्वी काढलेलं, फक्त ओळखपत्र म्हणून वापरलेलं. शाळेतल्या एका सरांची छोटी गाडी त्यांच्या गावच्या शेडमध्ये पडून होती, ती घेतली. मी खुशीत आग्नेसबायना दाखवली. टायर तर अगदी कोरे दिसत होते. त्या वाकल्या, टायरच्या कडेवर कोरलेले चार आकडे चष्मा वर करून वाचले. "हा बघ बनल्याचा आठवडा नि हे वर्ष. नऊ वर्षांचा टायर हाय. नख लाव." नख लागेना. रबर दगडासारखं झालं होतं, कडेला बारीक चिरा. "चालला नाय म्हणून नवा दिसतो. पण ओल्या रस्त्यावर हा तुला धरणार नाय."

पुढच्या आठवड्यात बुधवारी अप्पांना रिक्षाने सेंटरवर सोडलं आणि आम्ही गाडी हळूहळू चालवत टायरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी रुंद टायर दाखवले. "मॅडम, गाडी एकदम भारी दिसेल."

"रुंद टायर पाण्यावर तरंगतो," आग्नेसबाय म्हणाल्या. "कंपनीने दिलाय तोच साइज दे."

मग त्याने एक कडक टायर काढला. वर्षानुवर्षं झिजणार नाही म्हणाला. आग्नेसबायनी नख लावलं आणि मान हलवली. "जो झिजत नाय, तो धरत पण नाय. मऊ रबराचा दाखव. पाणी बाहेर टाकायला उभ्या खाचा रुंद पायजेत."

त्याने मोबाइलवर एक महागडा टायर दाखवला, त्यावर बर्फाच्या चांदणीची खूण. थंडीतही चालतो म्हणे. त्या पहिल्यांदा हसल्या. "माझा भाचा कॅनडात असलेच टायर घालतो. वसईत बर्फ बघायचा तर पाचूबंदरला, मासळीवर. आपली थंडी म्हणजे पहाटेचं धुकं नि दव. त्याला पावसाचाच टायर पुरतो, दिवे लावून हळू गेलं म्हणजे झालं."

माझं लक्ष घड्याळाकडे. शाळेच्या मोठ्या बाईंनी उशिरा यायची सवलत दिली होती, ती संपत आली होती. मी म्हणाले, "कुठलेही टाका हो. मला शाळेत पोचायचंय."

आग्नेसबायनी माझ्याकडे वळून बघितलं. "दमलेल्या माणसाचा ब्रेक उशिरा लागतो. माझा लागला, तू बघितलास. म्हणून टायर चांगला पायजे. तू काय येत्या वर्षात कमी दमणार हायस?"

मी शाळेत फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. त्या वर्षी बनलेले दोनच टायर दुकानात निघाले. दुकानदार ते पुढे बसवायला निघाला, तर त्यांनी त्याला थांबवलं. "मागे बसव. पुढचं चाक घसरलं तर स्टेअरिंगमध्ये कळतं. मागचं घसरलेलं कळेपर्यंत गाडी आडवी होते." उरलेले दोन येईपर्यंत आठवडाभर त्यांनी मला हायवेवर जाऊ दिलं नाही. तेवढे दिवस अप्पांना रिक्षाने नेलं.

मग रविवारची मिस्सा आटोपून त्या मला नायगावला न्यायच्या. तिथे खाडीकडे नव्या टॉवरांचे रस्ते तयार होते, माणसं अजून यायची होती. भर पावसात त्या मला वेग घ्यायला लावायच्या आणि मध्येच ओरडायच्या, "दाब!" मी किंचाळायचे. त्या शांतपणे म्हणायच्या, "घाबर. आज माझ्यासमोर घाबरून घे. अप्पा मागे बसतील तेव्हा घाबरायला सवड नसेल."

गाडी हाताला बसली. व्हॅन त्यांनी विकली. दुसऱ्या दोघांपैकी एकांना मुलगा नेऊ लागला, नालासोपाऱ्याच्या मावशींना मी माझ्याच गाडीत घेऊ लागले. अप्पा पुढच्या सीटवर बसून मला सूचना द्यायचे. पावसाळा गेला, धुक्याच्या सकाळी गेल्या. मी दमतच होते, पण आता कुणावर ओरडत नव्हते.

ईस्टरनंतर आग्नेसबाय नाशिकला मुलीकडे कायमच्या राहायला जायच्या होत्या. निघायच्या दिवशी अप्पांना सेंटरवर सोडून मी त्यांना भेटायला वाडीत गेले. सकाळचे दहा वाजले असतील. दार उघडं, आत बांधलेल्या बॅगा. आग्नेसबाय पडवीतल्या आरामखुर्चीत झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात दोन्ही बाजूंना सैल पडलेले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. बोलायचं खूप ठरवून आले होते. त्या मंगळवारी दुपारी आवाज चढवल्याची माफीही मागायची राहिली होती. मी पायरीवर अर्धा तास बसले, आणलेला डबा टेबलावर ठेवला आणि निघाले.

संध्याकाळी त्यांचा गाडीतून फोन आला. "आलीस नि तशीच गेलीस? उठवायचं नाय मला?"

"झोपला होतात."

"मग? हाक मारायचीस."

"नाही मारली," मी म्हणाले.

पलीकडे खिडकी लावल्याचा आवाज आला.

"बरं केलंस," आग्नेसबाय म्हणाल्या.