मुरुडजवळची दुसरी बोअर

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्याच सुमारास पावसानं दगा दिला. मी भूजलाच्या कामावर नुकतीच लागलेली भूवैज्ञानिक होते. मुरुडजवळच्या एका गावात बोअरची जागा मी ओढ्याकाठी दाखवली होती. माझ्या साहेबांनी ती रद्द केली आणि सरपंचाच्या मळ्यालगत बोअरची गाडी उभी केली. तिथं खालपर्यंत अखंड काळा दगड लागला. नुसती धूळ उडत राहिली. घागरी घेऊन बसलेल्या बायका चिडून उठल्या, तेव्हा साहेबांनी माझ्याकडं बोट केलं, “जागा ह्या बाईंनी काढली.”

एका म्हातारीनं मूठभर धूळ माझ्या पदरावर फेकली. “एवढं शिकून हेच केलंस व्हय?”

साहेब जीपमध्ये बसून हसत होते. ह्या हसण्याचा सूड घ्यायचा, हे मी तिथंच ठरवलं.

आसपासच्या सगळ्या बोअरची माहिती मी जमवली. खोदताना वर येणाऱ्या चुऱ्याचा रंग कुठं बदलला, बोअरचा रॉड कुठं झरझर उतरला, कुठं अडला, हे शेजारीशेजारी मांडत गेले, तसं जमिनीचं पोट दिसायला लागलं. ओढ्याकडं दगड भेगाळलेला, तांबूस. त्याखाली पाणी अडवून धरणारा लाल गेरूचा थर. मळ्याकडं दगडाला भेगच नव्हती. हा नकाशा मी जिल्ह्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर पसरला. दुसरी बोअर मंजूर झाली. “त्या वेळी साहेबही तिथं असावेत,” एवढंच मी वर मागितलं.

ओढ्याकाठी गाडी लागली. आधी तांबूस चुरा, मग ओला चिखल, आणि मग पाणी असं उसळलं की साहेबांचा सफारी भिजून अंगाला चिकटला. बायका ओरडत धावल्या.

मी मोठ्यानं विचारलं, “साहेब, ही जागा कुणी काढली होती?”

“तुम्ही,” ते पुटपुटले. “झालं समाधान?”

“न्हाई. मळ्याकडची कुणी काढली, तेही सांगा.”

म्हातारी पुढं आली. “सांगा की!”

“मी,” ते म्हणाले.

म्हातारीनं वाकून चिखल उचलला. मी तिचा हात धरू शकले असते. धरला नाही. लातूरपर्यंत साहेब त्या चिखलासकट माझ्या शेजारी बसून आले आणि मी वाटभर खिडकीबाहेर बघत मजेत होते.