अक्काच्या पाळण्यातली थांबायची जागा

नांदेडच्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीला मी स्टुडिओ म्हणतो आणि बायको गोधड्यांची खोली म्हणते. बरोबर तिचंच आहे. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना गोधड्या टांगल्यात, दाराला जुनी गादी बांधलीय. एरवी मी शाळेत गणित शिकवतो. सुट्टीच्या दिवशी या खोलीत गाणी रेकॉर्ड करतो: उमरीकडची भजनी मंडळं, माहूरला जाणाऱ्या बायकांची देवीची गाणी, कुणाच्या तरी लग्नातली मंगलाष्टकं. संगीतातलं मला फार कळतं असं नाही. पण ज्यांना कळतं ते माझ्याकडे येत नाहीत, त्यामुळे आमचं जमून गेलं.

हे सगळं चौदा वर्षं एकाच सॉफ्टवेअरवर चाललं. दिसायला ते कचेरीतल्या अर्जासारखं, राखाडी आणि चौकोनी. उघडलं की नवीन आवृत्ती घ्या म्हणायचं. मी 'नंतर' दाबायचो आणि ते गुमान कामाला लागायचं.

मग एकदा भाचा आला. लातूरला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा हा मुलगा. मोबाइलवर रील करतो, म्हणजे त्याच्या मते संगीतकार आहे. माझ्या पडद्याकडे त्यानं असं पाहिलं, जसं चहाच्या कपात माशी निघाल्यावर पाहावं.

"मामा, हे अजून वापरून राहिले तुम्ही? निजामाच्या टायमाचं हाय हे."

"चालतंय की."

"बैलगाडी पण चालतीच की, मामा. लोक विमानात फिरून राहिले."

पन्नाशी ओलांडलेला माणूस मी. एका रीलवाल्याच्या टोमण्यानं पेटलो, याची मला अजून लाज वाटते. पुढच्याच रविवारी मी नवीन सॉफ्टवेअर घेतलं. जुन्यातले सगळे आवाज नव्यात ओढून घेतले आणि मागे वळून बघायला नको म्हणून जुनं त्यातल्या आवाजांसकट मुळापासून पुसलं. उत्तर यायच्या आधी कच्चं काम खोडणाऱ्या पोरांना मी वर्गात उभं करतो. मला उभं करायला कुणी नव्हतं.

नवं सॉफ्टवेअर म्हणजे काळाकुट्ट पडदा आणि लपवून ठेवलेली बटणं. उघडलं की आधी माझं स्वागत करतं, कलाकार म्हणून. चौदा वर्षांत मला कुणी कलाकार म्हटलं नव्हतं. खरं सांगतो, पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी कळलं की हे येईल त्याला तेच म्हणतं. शिकवणारे व्हिडिओ बघावेत, तर निळ्या उजेडात बसलेली पोरं अर्धा तास हात हलवतात आणि शेवटी सांगतात की हे खूप सोपं आहे.

शिवाय त्याला सगळं आधीच कळतं. भजन रंगात आलं की उमरीच्या मंडळाचा ताल चढत जातो. यानं तो सगळा एका चालीत बसवला, इस्त्री मारल्यासारखा. मंडळाचे बुवा शेवटपर्यंत ऐकत बसले आणि म्हणाले, "सर, आमचं मंडळ झोपंत गायलं का?" मी बुवांनाच दोन शब्द सुनावले. नवीन वस्तूचा माज माणसाला असाच चढतो.

इथवर फजिती माझ्यापुरती होती. पण त्या ओढून घेतलेल्या आवाजांत अक्काचा पाळणा होता.

आमच्या घराण्यात कुणाचंही बारसं असो, पाळणा अक्काच म्हणायची. दोन वर्षांमागं तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता बोलते तेही घासून घासून. गाणं संपलं. ऑपरेशनच्या आधी ती स्वतःहून गोधड्यांच्या खोलीत येऊन बसली होती. "घेऊन ठेव. पुढचं पुढं." एवढीच त्या पाळण्याची एक नोंद. आणि आता त्याच भाच्याला मुलगी झाली. अक्काची पहिली नात. अक्काचा फोन आला, "माझा पाळणा घेऊन ये रे. पोरीला माझ्या आवाजात पाहिजे."

अक्काच्या पाळण्यात एक जागा आहे. चौथं कडवं झालं की ती थांबते. मग आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते, बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, आणि हसणं ओसरलं की अक्का पाचवं उचलते. माझ्या खोलीत ना बाळ होतं ना आत्या, तरी अक्का सवयीनं थांबली होती. हळूच म्हणाली होती, "हां, सांग गं बाई आता कानात." बांगड्या वाजल्या होत्या. मग पाचवं कडवं.

नव्या सॉफ्टवेअरनं पहिल्याच दिवशी अदबीनं विचारलं होतं: आवाजांमध्ये रिकाम्या जागा सापडल्या आहेत, काढून टाकू? मी रुबाबात 'हो' दाबलं होतं. सगळ्यांसाठी एकदमच.

लातूरला निघायच्या आधी मी पाळण्याची पहिली दोन कडवी ऐकली. आवाज कसा खुलला म्हणून बायकोलाही ऐकवली. तिसऱ्याला ती पोळ्या लाटायला गेली आणि मीही उठलो.

बारशाला घर भरलेलं. घुगऱ्यांच्या पराती झाकून ठेवलेल्या, पाळणा सजलेला. मी स्पीकर लावला. अक्काचा जुना, भरलेला आवाज घरभर झाला तशा दोन-तीन बायकांनी पदर डोळ्याला लावला. भाची, म्हणजे बाळाची आत्या, पाळण्यात वाकली. मागं बायका हात उगारून तयार. चौथं कडवं संपलं आणि त्याला लागूनच, श्वाससुद्धा न घेता, पाचवं सुरू झालं.

"अगं सांग की नाव!"

"कधी सांगू, मावशी? थांबतंच न्हाई ते!"

पाळणा संपला. बाळ बिननावाचं रडत होतं, बायकांचे हात तसेच वर. भाचा म्हणाला, "मामा, मधलं कुणी कापलं?"

"तुझ्या विमानानं."

दुसऱ्यांदा लावला, तेच. तिसऱ्यांदा मी बटणाकडे हात नेला तेव्हा अक्का उठली आणि तिनं स्पीकरची वायर उपटली. "म्हणा गं तुम्हीच," ती बायकांना म्हणाली. त्या म्हणू लागल्या, जमेल तशा, वरखाली. चौथं कडवं झालं. अक्कानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि त्या घासलेल्या आवाजात म्हणाली, "हां, सांग गं बाई आता कानात." भाचीनं नाव सांगितलं. अडकून राहिलेले धपाटे एकदम तिच्या पाठीत बसले.

नंतर घुगऱ्या खाताना मी अक्काजवळ जाऊन बसलो. "अक्का, तेवढं एक वाक्य मोबाइलवर म्हण. मी जोडतो. तुझं चांगल्या आवाजातलं ते हळू बोलणं त्यानं रिकामी जागा धरलं आणि मी माझ्या हातानं पुसलं."

"पार गेलं?"

"हाव."

तिनं एक हरभरा तोंडात टाकला. "गाणं हाय न्हवं?"

"गाणं हाय."

"मग ऱ्हाऊ दे. हा घोगरा नको घालू त्यात. बोलायला मी हाय अजून. बारशाला मलाच नेत जा."

नांदेडला आल्यावर मी चौथ्या आणि पाचव्या कडव्यांमध्ये जागा परत केली. किती, हे मोजायला मी अक्काचं वाक्य मनात म्हटलं, आणि बायको बांगड्या वाजवत शेजारी उभी राहिली. "आणखी थोडं थांबू द्या. धपाटे नीट बसले पाहिजेत."

आता पाळणा उघडला की ते शहाणं दर वेळी विचारतं: रिकामी जागा सापडली आहे, काढून टाकू? मी 'नाही' दाबतो. 'पुन्हा विचारू नका' असंही एक बटण आहे म्हणे. कुठं लपवलंय, ते मला अजून सापडलेलं नाही.