काशीचा मांडा

"हे उत्तर चूक आहे, बाई," डेप्युटी साहेब म्हणाले आणि काशीची पाटी त्यांनी माझ्यापुढे धरली.

डेप्युटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. शिरपूरजवळच्या एका गावात मी मुलींच्या शाळेवर मास्तरीण होते. सण असूनही साहेबांच्या दौऱ्यापायी शाळा भरली होती, चौथीचं इन्स्पेक्शन चालू होतं. प्रश्न उपमेचा. एक गोष्ट दुसरीसारखी आहे असं म्हणायचं, म्हणजे न दिसणारी गोष्टही डोळ्यांपुढे येते, ती उपमा. साहेबांनी विचारलं होतं, आईची माया कशासारखी? पुस्तकात उत्तर होतं, समुद्रासारखी. मी कोकणातली, त्यामुळे समुद्र अगदी हातवारे करकरून शिकवला होता. सगळ्या पाट्यांवर समुद्रच. फक्त काशीनं लिहिलं होतं, 'माया मांड्यासारखी. कडेच्या तुकड्यातही पुरण असते.'

"मांडा म्हणजे ती पातळ पुरणपोळी ना?" साहेब पुण्याकडचे. "माया काय पातळ असते? समुद्र लिहायला काय झालं होतं हिला?"

"तिनं समुद्र पाहिलेला नाही, साहेब."

"बाकीच्यांनी तरी कुठे पाहिलाय?"

काशी नापास झाली तर तिची शाळा बंद, असं तिच्या वडिलांनी, भिला आबांनी, मला बजावून ठेवलं होतं. पोरगी हुशार. साहेब म्हणाले, "निकाल जाताना सांगतो."

तेवढ्यात भिला आबाच दारात आले. "आखाजीना दिन शे साहेब, जेवाले चला. बाई, तुम्ही बी."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी खानदेशात पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाहीत.

आबांच्या परसात चूल धडधडत होती. चुलीवर मातीचं खापर उपडं घातलेलं. घरची बाई पुरणाची पोळी हातांवर घेऊन झुलवत होती. मी गावात वर्षभर होते, पण मांडा होताना कधी पाहिला नव्हता. पोळी पसरत गेली. तळहातावरून मनगटावर आली, मग कोपरापर्यंत, मग खाली लोंबायला लागली. आता फाटणार असं मला वाटलं. फाटली नाही. तिनं ती खापरावर अलगद पांघरली, तान्ह्या पोरावर दुपटं घालावं तशी.

साहेब पाटावर बसायचं विसरून बघत उभे होते.

ताट आलं. साहेबांनी घडी उलगडून मुद्दाम कडेचाच तुकडा मोडला. काठापर्यंत पुरण होतं.

"काशी, तुझ्या आईच्या हातात जादू आहे," ते म्हणाले.

काशी तूप वाढत होती. "मनी माय मरी गयी, साहेब. हाई धाकली माय. तिले तिना तीन पोरं शेतस." मग खाली बघून म्हणाली, "मी कडेनी."

कडेनी म्हणजे कडेची. साहेबांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. चुलीपाशी बसलेल्या तिच्या सावत्र आईनं ऐकू न आल्यासारखं केलं आणि पुढचा मांडा हातावर घेतला. समुद्राकाठी वाढले मी, पण माया एवढी मोठी मला तिथेही कधी दिसली नव्हती.

बैलगाडीत बसता बसता साहेब म्हणाले, "आबा, पोरगी पास आहे. पाचवीत घाला."

"पुस्तकमानं नही लिखं तरी बी?"

"पुस्तकवाल्यानं आखाजीचं जेवण घेतलेलं दिसत नाही."

आबांनी शब्द पाळला. जूनमध्ये काशी पाचवीत बसली.

पुढे समुद्राचा धडा आला की मी हातवारे कमी केले आणि आधी विचारायला लागले, घरी काय पाहिलंत ते सांगा. अशी उत्तरं तपासायला वेळ फार लागतो. कधीकधी तर जेवायलाच जावं लागतं.