भोजनानंतर नव्हे

“पंडितजी, माताजी को थोड़ा कम खिलाइए.” कंपाउंडर म्हणाला. दवाखान्यातल्या बाकावरचे रुग्ण हसले. मीही हसलो. पत्नी हसली नाही. दोन्ही हात ओटीपोटावर धरून ती डॉक्टरांच्या टेबलापाशी स्टुलावर बसली होती.

त्या हसण्याचे कारण मीच पुरवले होते. डॉक्टरांनी तक्रार विचारली, तेव्हा ती मला मराठीत हळूच म्हणाली होती, “अहो, नीट सांगा. आपला संबंध झाला की दुखतं. दुसऱ्या दिवसापर्यंत कळा येतात.” ती वाईची, लग्न होऊन काशीला आली, हिंदीत अजून अडखळते. मी रामघाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवतो. एक स्वर चुकला तरी अख्खी ऋचा पुन्हा म्हणायला लावतो. त्या मी डॉक्टरांना सांगितले, “भोजन के बाद पेट में दर्द होता है.”

भोजन हा शब्द मराठीतही आहे. तिला तो कळला. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

दोन वर्षे तिने पित्ताच्या गोळ्या घेतल्या. ताक, मुगाची खिचडी, वर गुरुवारचा उपास. आणि त्या दोन वर्षांत मी तिच्याजवळ जात राहिलो. ती ओठ दाबून पडे. मी त्याला संकोच समजलो. समजलो म्हणणेही खोटे. मला समजून घ्यायचे नव्हते.

गेल्या फाल्गुनात तिने स्वतःच एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. तिथेही मी सवयीने सुरुवात केली, “इनको भोजन के...”

“तुम्ही गप्प बसा.” लग्नानंतर प्रथमच ती असे बोलली. मग डॉक्टरबाईंना म्हणाली, “खाने का नहीं. पति के साथ सोने के बाद दुखता है. दो साल से ये झूठ बोल रहे हैं.”

बाईंनी पाळीबद्दल विचारले, तपासले, सोनोग्राफी केली. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढला होता. डाव्या अंडाशयात गाठ होती. संसर्गाने, फायब्रॉइडने, कोरडेपणाने, स्नायू आखडल्यानेही असे दुखते, त्या म्हणाल्या. म्हणून आधी कारण शोधायचे. हिला हार्मोनच्या गोळ्या. त्यांनी न भागल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. मग माझ्याकडे वळल्या. “दो साल पहले सच बोलते, पंडितजी, तो दो साल पहले इलाज होता.”

घरी थोरल्या काकांनी विचारले, कसली तपासणी? मी पत्नीकडे पाहिले. “सांगा,” ती म्हणाली. मी एकही शब्द न बदलता सांगितले.

काका कडाडले, “अरे, बायकांचं दुखणं माजघरात राहावं! उद्या घाटावर तोंड कसं दाखवशील?”

“माजघरात ठेवलं म्हणूनच वाढलं, काका,” मी म्हणालो.

तिने मला क्षमा केलेली नाही. मी मागितलेलीही नाही. नवऱ्याने मागितली तर द्यावीच लागते, असे आमचे घर आहे. तिचे अंथरूण आता वेगळ्या खोलीत आहे. ते दार कधी उघडायचे, उघडायचे की नाही, हे ती ठरवील. मी ठोठावणार नाही.